काल काय खाल्लं?

भूक मोजता येते असे शास्त्र सांगते, आणि ते खरे आहे. पण हे मोजमाप ज्या उत्तरावर उभे असते ते उत्तर कोण कोणाला देतो, कोणत्या दारात उभे राहून देतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. आहारतज्ज्ञांच्या परिषदांत होत नाही हे समजू शकते. आपल्या चळवळीतही होत नाही, याचे मला नवल वाटते.

१९८४च्या पावसाळ्यात मी कॉलेजात शिकत होतो. रोजावर काम मिळाले म्हणून कर्जत तालुक्यात एका आहार-पाहणीबरोबर हिंडलो. आमच्याकडे मापाच्या वाट्या, तराजू आणि छापील कागदांचा गठ्ठा होता. एका कातकरी वाडीत पाहणी करणाऱ्या साहेबांनी एका बाईला विचारले, "काल काय काय शिजवलं?" ती म्हणाली, "भात. न मीठ." साहेबांनी वाटी पुढे केली, तिने बोटाने खूण दाखवली, कागदावर तांदूळ आणि मीठ उतरले. झोपडीमागच्या राखेत खेकड्यांच्या नांग्या पडलेल्या मला दिसत होत्या. कुर्डूचे खुडलेले देठही होते. मी काही बोललो नाही.

न बोलण्याचे कारण माझ्या घरात होते. १९७३ साली बीड जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माझ्या आईलाही एका पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाने असेच विचारले होते. "मिलोची भाकरी न चटणी," आई म्हणाली. त्या दिवशी घरी बाजारातून आणलेले मोठ्याचे मटण शिजले होते. पडीचे मांस आमच्या वस्तीने कधीच सोडले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले, आणि आमच्या आज्याने ते सोडल्याची गोष्ट घरात अभिमानाने सांगितली जाई. पण विकत घेतलेले मटण आणि ओढून आणलेले ढोर यांतला फरक गावाच्या डोळ्यांना दिसत नव्हता. आईला ते ठाऊक होते. म्हणून तिने दोन्ही झाकले.

आता हे शास्त्र कसे चालते ते पाहू. आपल्या देशात राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभाग १९७२ साली सुरू झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेखीखाली त्याने पुढे सुमारे चार दशके खेड्यांतून आणि आदिवासी भागांतून पाहण्या केल्या. त्यांची मुख्य पद्धत चोवीस तासांच्या आठवणीची. काल काय शिजले, किती शिजले, कोणी किती खाल्ले, हे घरातल्या बाईला विचारायचे, वाटीच्या मापावरून कच्च्या धान्याचे वजन काढायचे, आणि मग अन्नघटकांच्या तक्त्यात पाहून उष्मांक, प्रथिने, लोह, कॅल्शियम यांची बेरीज करायची. २०१७ साली संस्थेने काढलेल्या नव्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत. हे काम मोठे आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. पण जे सांगितले गेले नाही, त्याची बेरीज कोणताच तक्ता करू शकत नाही.

दुसरी गोष्ट घरातल्या वाटणीची. बैठे काम करणारा पुरुष म्हणजे एक एकक, तसेच काम करणारी बाई म्हणजे ०.८, मध्यम श्रमाची ०.९, कष्टाचे काम करणारी १.२, एक ते तीन वर्षांचे मूल ०.४, असा हिशेब या पाहण्यांत वापरला जाई. घरातले एकूण अन्न या एककांनी भागले की दर एककी आहार निघतो. वीटभट्टीवर दिवसभर विटा वाहणारी कातकरी बाई कोणत्या रकान्यात पडते, हे कागद भरणारा ठरवतो. आणि ती सर्वांत शेवटी, भांड्याला लागलेले खाते, ही गोष्ट सरासरीत विरून जाते. प्रत्येकाचे वेगळे विचारणाऱ्या पाहण्याही होतात, पण त्या महाग असतात आणि म्हणून थोड्या होतात.

तिसरी गोष्ट ऋतूची, आणि आदिवासींच्या बाबतीत मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कातकऱ्याचे ताट बाजारावर चालत नाही, पाऊसपाण्यावर चालते. मृगाच्या पहिल्या सरीला वलगणीचे मासे शेतात चढतात. मग टाकळा, शेवळे, कुर्डू, भारंगी. ओढ्यात खेकडे. पाऊस सरला की करांदे, कडू कांद. कडू कांदाच्या चकत्या राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर तो खाता येत नाही. हे ज्ञान कोणत्या पुस्तकातून आलेले नाही. भातकापणीनंतर उंदीर, आणि उंदराच्या बिळातले धान्यसुद्धा. पाहणीचा माणूस श्रावणात गेला तर एक आहार सापडेल, चैत्रात गेला तर दुसरा. एका दिवसाच्या आठवणीत वर्ष मावत नाही. त्यातही उंदीर सांगायचा कसा? समोरच्या माणसाने नाक मुरडले की बाई भात आणि मीठ एवढेच सांगते.

त्याच वाडीत मी संध्याकाळी एकटा परत गेलो. माझी आई काय खाते आणि काय लपवते, ते त्या मावशीला सांगितले. ती हसली आणि मग बोलत सुटली. मी कागदाच्या पाठीवर अकरा पदार्थांची नावे लिहून घेतली. कचेरीत कागद पालथा करून पाहण्याची पद्धत नव्हती.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की वाड्या-वस्त्यांवर सगळे सुखाने जेवतात आणि कुपोषण कागदावरचेच आहे. असा युक्तिवाद करणारे पुष्कळ आहेत, त्यांना मी आयते हत्यार देऊ इच्छित नाही. तोंड लपवते तरी रक्त लपवत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत देशभर ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या, अनुसूचित जमातींत सुमारे ६५ टक्के. पाच वर्षांखालील शंभर मुलांतली पस्तीसहून अधिक खुजी निघाली. खेकडे चार महिन्यांचे असतात, भूक बारा महिन्यांची.

खुजेपणाविषयीही एक जुना वाद आहे. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी माणशी २२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेघ ओढली. पां. वा. सुखात्म्यांनी त्यावर म्हटले की शरीर कमी-जास्त अन्नाशी जुळवून घेते, तेव्हा सरासरी गरजेच्या खाली जाणारा प्रत्येक जण भुकेला धरू नये. संख्याशास्त्र म्हणून त्यात विचार करण्याजोगे होते. पण पुढे १९८०च्या दशकात डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 'लहान पण निरोगी' असा सिद्धांतच मांडला, आणि सी. गोपालन यांना त्याविरुद्ध लेखणी उचलावी लागली. शरीराने जुळवून घेतले म्हणजे काय केले? वाढ थांबवली, हालचाल कमी केली. स्वतःच्या मुलांसाठी असे जुळवून घेणे कोणत्या अर्थतज्ज्ञाने पत्करले आहे?

आता लोहाकडे येऊ. धान्यात आणि पालेभाजीत लोह असते, पण आपल्या भाकरी-भाताच्या जेवणातून त्याचा शंभरातला पाच-दहा भागच अंगी लागतो. धान्याच्या कोंड्यातले आणि चहातले घटक ते अडवून धरतात. मांसातले, विशेषतः काळीज आणि रक्तातले लोह याच्या कितीतरी पट सहज शोषले जाते. शिवाय मांसाच्या तुकड्यामुळे सोबतच्या भाकरीतले लोहही अधिक लागू पडते. ब-१२ जीवनसत्त्व तर निसर्गतः प्राणिजन्य अन्नातच मिळते. म्हणजे रक्ती, वजडी, काळीज ही जी आमची हिणवली गेलेली ताटे, ती रक्तक्षयावर पालकाच्या भाजीपेक्षा सरस होती. मराठीतल्या पाककृतींच्या पुस्तकांनी त्यांना दारात उभे केले नाही. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या स्वयंपाकाला पुस्तकाचे पान मिळाले.

त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीची बंदी १९७६च्या कायद्याने आधीच होती. बाहेरच्या राज्यातले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केले. पण न्यायालयाचा निकाल वस्तीपर्यंत पोचतो कुठे? भीती मात्र पोचते. माझी आई लाजेने खोटे बोलली होती. आज दारात कागद घेऊन कोणी आला तर ती भीतीने खोटे बोलली असती. राष्ट्रीय पाहणीत 'चिकन किंवा मांस' असा एकच रकाना असतो. तेवढाही खरा भरला जाईल याची खात्री कोण देणार?

आणि मग या कागदांवरून निदान होते ते अज्ञानाचे. 'यांना पोषणाची माहिती नाही.' वाडीत तक्ते टांगले जातात, बायांना पालेभाजीचे महत्त्व समजावले जाते, तेही कुर्डू-भारंगी खुडणाऱ्या बायांना! रायगडातल्या दळीच्या जमिनींत नाचणी आणि वरी पिकत असे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात दहाच्या आसपास. दळी जमिनीवरचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्यानंतरही किती घरांना मिळाला, हा प्रश्न आहाराच्या पाहणीत येत नाही. शाळेच्या खिचडीत २०२३च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे आले. न खाणाऱ्यांना केळ्याची सोय होती. २०२५च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवे तर लोकवर्गणीतून द्यावे असे सुचवले. ज्या शाळेतली मुले वीटभट्टीवरून येतात, तिथे वर्गणी कोणाकडून मागायची?

पुढे मी शिक्षक झालो. विद्यार्थी पाहणीच्या कामाला जायचे म्हणून विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना छापील कागदाबरोबर एक कोरी वही न्यायला सांगतो. महिन्यांची नावे मराठीत घालायची, ज्येष्ठापासून सुरुवात. काल काय खाल्लं हे आधी विचारायचे नाही. आधी बसायचे, पाणी मागून प्यायचे, आपल्या घरी काय शिजते ते सांगायचे. मग विचारायचे : या महिन्यात ओढ्यात काय मिळतं? रानात काय मिळतं? पूर्वी मिळायचं आणि आता मिळत नाही असं काय? ते आणायला गेल्यावर कोणी अडवतं का? एका मुलीने भरून आणलेल्या वहीत या शेवटच्या प्रश्नापुढे बाराही महिन्यांत 'हो' लिहिलेले होते, आणि श्रावणापुढे कंसात : 'खेकडे. फार्महाऊसवाल्याने ओढ्याला तार घातली.'