रात्रशाळेतील विज्ञान

दिवसाची शाळा सुटल्यावर त्याच बाकांवर रात्रीची शाळा भरते, ही गोष्ट मुंबईच्या उपनगरांना नवी नाही. घाटकोपर-मुलुंड असो वा अंधेरी-बोरिवली, या वर्गांत येणारा विद्यार्थी दिवसभर राबून आलेला असतो. कुणी गाळ्यातील यंत्रावर, कुणी हॉटेलच्या भटारखान्यात, तर कुणी धुण्याभांड्यांची चार घरे उरकून. कोकण, मराठवाडा, गुजरात, उत्तर प्रदेश असे त्यांचे मुलूख निराळे, वयेही निराळी. सोळा वर्षांच्या मुलाशेजारी पस्तिशीची बाई बसते. यांपैकी अनेकांना शाळेची भाषा हाच एक परदेश होय. इतिहास-भूगोल पाठ करून निभावता येतो. घोडे पेंड खाते ते विज्ञानापाशी.

याचे कारण बव्हंशी बुद्धीत नसून शब्दांत असते. ‘क्षार’ हा शब्द घ्यावा. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जे तयार होते ते क्षार. मीठ हे त्याचे घरगुती उदाहरण. गुजराती शाळेतही क्षार म्हणजे तेच. परंतु हिंदी माध्यमात सातवी-आठवीपर्यंत शिकून आलेल्या तरुणाच्या लेखी क्षार म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. मराठीतील क्षाराला तो ‘लवण’ म्हणतो. त्याने चुन्याच्या निवळीला क्षार म्हटले तर तो विज्ञानात चुकला, असे कसे म्हणावे? गुण मात्र जातात. शिक्षकाने हा भेद फळ्यावर मांडला तर दोन मिनिटांत उलगडा होईल. तो शिक्षकालाच ठाऊक नसेल, तर विद्यार्थी स्वतःला मठ्ठ समजून मागच्या बाकावर जातो.

भाषेच्या या अडसराची शास्त्रशुद्ध तपासणी मुंबईतच झालेली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. त्याचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पाठ्यपुस्तकातील विज्ञानाची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा वर्गातील मुलांचा सहभाग वाढला आणि यशही वाढले. 1981 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. ते मुलांविषयीचे होते. पण शाळा सुटून दहा-पंधरा वर्षे लोटलेल्या प्रौढाला त्याचा निष्कर्ष अधिकच लागू पडावा. असे असूनही रात्रीच्या वर्गात शिकवण्याचा अर्थ पुष्कळदा गाइडातील उत्तरे उतरवून देणे इतकाच उरतो.

प्रौढ विद्यार्थी आणखी एका बाबतीत वेगळा असतो. तो वाद घालतो. डोक्यावर पन्नास किलोचे पोते घेऊन स्तब्ध उभ्या राहिलेल्या माणसाने केलेले कार्य शून्य, हे वाक्य शाळकरी मूल निमूटपणे उतरवून घेते. ज्याने दिवसभर गोणी वाहिल्या आहेत त्याने ते का मान्य करावे? येथे दटावून भागत नाही. पोते हललेले नाही म्हणून पोत्यावर कार्य झालेले नाही. पण उभे राहणाऱ्याचे स्नायू सतत आखडत-सैलावत असतात, त्यात शक्ती खर्च होते आणि तिची उष्णता बनते, हे सांगावे लागते. तेच पोते तीन मीटर वर चढवले तर सुमारे 1470 ज्यूल कार्य होते, हा हिशेब त्याच्यासमोर केला की तो सहसा विसरत नाही. प्रश्नाला उत्तर मिळते आणि प्रश्न विचारणाऱ्याचा मानही राहतो.

ग्लासगोत 1800 साली जॉर्ज बर्कबेक यांनी कारागिरांसाठी व्याख्याने सुरू केली. पुढे 1823 मध्ये लंडनमध्ये अशा कष्टकऱ्यांसाठी संस्था निघाली, ती आज बर्कबेक याच नावाने विद्यापीठीय शिक्षण देते. हाताने काम करणाऱ्याला त्या कामामागचे शास्त्र जाणून घ्यायचे असते, हे तेथे गृहीत धरले गेले. आपल्याकडे दिवसा वायरिंग करणारा तरुण रात्री एकसर आणि समांतर जोडणीच्या व्याख्या घोकतो आणि त्या आपल्याच धंद्यातल्या आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. घरातील एक दिवा गेला तरी दुसरा का चालू राहतो, हे त्याच्याकडूनच वर्गाला समजावून घ्यायला काय हरकत आहे?

प्रयोगांची अवस्था तर विचारूच नये. इमारत दिवसाच्या शाळेची, तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप आणि किल्ली दिवसाच्या शिक्षकाकडे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी असतो. दहावीच्या परीक्षेत प्रात्यक्षिकाला गुण असताना ही स्थिती अन्यायाची होय. काही स्वयंसेवी संस्था रात्रशाळांना प्रयोगसाहित्य पुरवतात. पण सरकारने आणि संस्थाचालकांनी करावयाचे काम त्यांच्यावर सोपवून मोकळे होता येणार नाही. आठवड्यातून एक रात्र ती प्रयोगशाळा उघडण्यास फारसा खर्च नाही. तोवर हळद आहेच. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा पडतो, हे धुणे धुणाऱ्या बाईने शेकडो वेळा पाहिलेले असते. ‘दर्शक’ हा शब्द तिला त्यानंतर सांगावा, आधी नव्हे.