रेषेबाहेर उभं राहताना

मुलांनो, आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरचं नाव ऐकलंय ना? मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत अंतिम सामन्यात त्याच्यासमोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, म्हणजे या खेळातला दादा माणूस! अंतर ५० मीटर, बाण पंधरा, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटरचं. तुमचा तळहात धरून बघा. श्लोसरचे गुण झाले १४८ आणि प्रथमेशचे १४९. म्हणजे त्याचा फक्त एक बाण दहाच्या वर्तुळातून निसटला! त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतही भारताच्या सुवर्णविजेत्या संघात तो होता.

बुलढाण्यात त्याला चंद्रकांत इलग सरांनी शिकवलं. आता गंमत बघा. अशा सामन्यात एका बाणाला वीस सेकंद मिळतात. प्रशिक्षक मागे उभे राहू शकतात, दोन शब्द सांगू शकतात, पण बाण सोडायचा तो खेळाडूनेच. आणि ज्यांनी पहिल्यांदा धनुष्य धरायला शिकवलं, ते गुरुजी तर अनेकदा तिथे नसतातच.

मी शेगावात प्राथमिक शाळेत शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा खो-खो घेते. शिट्टी फुंकली की झालं, असं लोकांना वाटतं. अहो, आमची काळी माती बघा की! पावसाळ्यात चिखल पायाला चिकटतो, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की पाय अडकला तर घोटा मुरगळलाच. म्हणून सरावाआधी मी मैदानभर फिरून भेगा बुजवते. कापसाची वेचणी लागली की अर्धा संघ शेतात. मग घरोघरी जायचं. "खेळून काय भेटते, बाई?" असं एका आईने विचारलं होतं. महिन्याभराने त्याच कुंपणाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "पय वं माय, पय!" त्या दिवशी मी घरी हसतच गेले.

पण खरं अवघड काम म्हणजे संघाची यादी. पालकहो, मुलीचं नाव नसलं की तुम्हाला राग येतो. यादी लिहिणाऱ्यालाही त्या रात्री झोप लागत नाही बरं!

गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीला मी वगळलं. एक दिवस सराव चुकवला नव्हता तिने. पण खो मिळायच्या आधीच उठायची, आणि फाउल व्हायचा. दुसऱ्या दिवशी ती येणार नाही, असंच मला वाटलं. मी गेले तर ती आधीच येऊन फक्कीने रेषा आखत होती. मी गुपचूप दोरीचं दुसरं टोक धरलं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "बाई, मी लवकर का उठते?"

तेव्हापासून आम्ही रोज दहा मिनिटं एवढंच करतो. ती बसते, मी मागे उभी राहते, कधी उशिरा खो देते, कधी देतच नाही. आता ती थांबते. यंदाची यादी अजून लागायची आहे.