मिक्सर गळतो : नवा बसवायचा की दुरुस्त करायचा?

स्वयंपाकघरातला मिक्सर ठिबकू लागला की काही मिस्त्री नीट न पाहताच सांगतात, "नवा बसवा." आमच्या घरीही हेच ऐकावे लागले. दुसऱ्या कारागिराने आधी पाणी बंद केले, दांड्याखालचा बारीक स्क्रू अॅलन चावीने सोडवला, कार्ट्रिज काढले आणि दुकानातून त्याच मापाचे आणून बसवले. अर्ध्या तासात काम संपले. तेव्हापासून आमची सगळी कामे त्याच्याकडेच जातात, शेजाऱ्यांचीसुद्धा.

आमच्या प्लंबर बांधवांनी म्हणून आधी गळती कुठून आहे ते पाहावे. फिरवून घट्ट बंद करायच्या जुन्या नळाच्या तोंडातून पाणी ठिबकत असेल तर बहुधा रबरी वायसर झिजलेला असतो. एका दांड्याच्या मिक्सरमध्ये मात्र सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज असते, बहुधा ३५ किंवा ४० मि.मी.चे. जुने सोबत नेल्याशिवाय नवे आणू नये; तळाची भोके जुळत नाहीत आणि खेप फुकट जाते. फिरत्या नळीच्या बुडाशी पाणी येत असेल तर लहानशी ओ-रिंग पुरते.

पितळी अंगालाच चीर गेली असेल किंवा सुटा भाग कुठेच मिळत नसेल, तर नवा मिक्सर सांगायला संकोच कसला? भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन जोडांतले अंतर साधारण १५० मि.मी. असते, तरी मोजूनच घ्यावे. आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.