मुहूर्ताची खरेदी आणि घरातला नाद

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी आरंभिलेल्या कार्यास वेगळे पंचांग पाहावे लागत नाही, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. सोने, वाहन, घरातील एखादी मोठी वस्तू यांची खरेदी म्हणूनच या दिवसासाठी राखून ठेवलेली असते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीचे दर्शन घेऊन आलेली गारखेडा परिसरातील कुटुंबे दशमीला आपट्याची पाने देऊन-घेऊन झाली की बाजाराची वाट धरतात. या खरेदीच्या यादीत आता आणखी एका वस्तूने स्थान मिळविले आहे. ती वस्तू म्हणजे घरी गाणे ऐकण्याचे स्पीकर. पहाटेची भूपाळी, सांजवेळची आरती, एकादशीचे अभंग, आणि वीस-एकवीस दिवसांवर येऊन ठेपलेली दिवाळीची पहाट, या सर्वांसाठी घरात चांगला नाद असावा, ही इच्छा योग्यच म्हटली पाहिजे.

प्रश्न आहे तो हे स्पीकर घ्यावेत कोठून आणि कसे पारखावेत, हा. विजेच्या सर्व वस्तू एका छताखाली मांडणारी मोठी दालने आता आपल्या शहरालाही नवीन राहिलेली नाहीत. क्रोमाचे पहिले दालन २००६ साली मुंबईत जुहूला उघडले आणि त्यानंतर ही पद्धत महाराष्ट्रभर पसरली. या दालनांतील स्पीकरांविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, तेथे सारा दिखाऊ माल, खऱ्या रसिकाने तिकडे फिरकू नये. दुसरे म्हणतात, मोठे दुकान आहे, नामांकित कंपनी आहे, तेव्हा डोळे मिटून घ्यावे. आमच्या मते दोन्ही मतांत अर्धेच तथ्य आहे. माल सर्व तऱ्हेचा असतो. उणीव असते ती पारखण्याच्या रीतीत.

दालनात कान का फसतो?

दालनात गर्दी असते, शेजारी दूरदर्शन संच चालू असतात, वातानुकूलन यंत्राची घरघर असते. अशा ठिकाणी स्पीकर मोठ्यानेच वाजवावा लागतो. विक्रेता बहुधा दणदणीत तालाचे गाणे लावतो. छातीवर ठोका बसला की गिऱ्हाईक प्रसन्न होते. परंतु माणसाच्या कानाचा एक धर्म आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली तो मोजून दाखविला. आवाज हळू केला की कानाला खर्जाचे स्वर इतर स्वरांपेक्षा फार वेगाने कमी ऐकू येऊ लागतात, आणि मोठा केला की तेच स्वर भरदार भासतात. म्हणजे जो स्पीकर दालनात मोठ्या आवाजात भरदार वाटला, तोच पहाटे पाच वाजता देवघरात हळू लावला असता किरटा वाटू शकतो. दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकले, तर त्यांतील किंचित मोठ्याने वाजणारा सरस वाटतो, हाही याच धर्माचा भाग.

कानाला डोळाही फसवितो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तेच ते स्पीकर एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा उघड्यावर ठेवून लोकांना ऐकविले. पडद्याआड ज्या लहान, स्वस्त संचाला श्रोत्यांनी चांगले गुण दिले होते, त्याचे गुण तो डोळ्यांना दिसताच घसरले, आणि मोठ्या, देखण्या पेट्यांचे वाढले. दालनातला माल तुच्छ मानणाऱ्यांनी आणि आकार पाहून भुलणाऱ्यांनी, दोघांनीही या प्रयोगापासून बोध घेण्यासारखा आहे.

वॅटांचे डोंगर

खोक्यावरील सर्वांत मोठी अक्षरे वॅटांची असतात. एके काळी आपल्याकडील खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॅटांचे आकडे सर्रास छापलेले असत. या मापाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते, त्यामुळे ज्याला जो आकडा रुचे तो त्याने छापावा अशी अवस्था होती. ‘आरएमएस’ हा शब्द ज्या आकड्याशेजारी असेल, तो त्यामानाने विश्वासार्ह. मात्र त्याचीही पडताळणी करण्याचा एक सोपा उपाय आहे. ज्या स्पीकरला बाहेरून अडॅप्टर जोडावा लागतो, त्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. १९ व्होल्ट आणि २ अँपिअर असे लिहिलेले असेल, तर ३८ वॅट एवढीच वीज आत जाते. क्षणभराचा ठोका अधिक जोराचा निघू शकेल, पण अशा संचातून अखंड २०० वॅट बाहेर पडणे शक्य नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आणि इतक्या वॅटांची घराला गरज तरी कोठे आहे? चांगल्या घरगुती स्पीकरला एक वॅट शक्ती दिली, तर एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज मिळतो. नेहमीचे संभाषण ६० डेसिबलांच्या आसपास असते. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलांनी वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटावयाचा असेल तर शक्ती सुमारे दसपट करावी लागते. तेव्हा ५० वॅटांऐवजी १०० वॅटांचा संच घेण्यासाठी मोजलेले जादा पैसे घरातील अभंगाला फारसे काही देत नाहीत.

अभंगाचा शब्द कोठे हरवतो?

भक्तिसंगीताचा प्राण शब्दांत असतो. ज्या स्पीकरमधून टाळ-मृदंग ऐकू येतो पण संतांचा शब्द अस्पष्ट राहतो, तो कितीही गर्जो, आपल्या घराच्या कामाचा नाही. माणसाचा कान २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो असे मानले जाते. परंतु शब्दांचा बहुतेक अर्थ मधल्या पट्ट्यातच सामावलेला असतो. जुन्या दूरध्वनीवर ३०० ते ३,४०० एवढाच पट्टा जात असे, तरी बोलणे समजतच होते. त्या पट्ट्याच्या खाली पुरुषी आवाजाचा भरदारपणा आणि मृदंगाची धूम असते. वर ‘स’, ‘श’ यांची धार आणि टाळांची किणकिण असते.

दालनांत सर्वाधिक खपणाऱ्या प्रकारांपैकी एक म्हणजे जमिनीवर ठेवण्याचा मोठा सब-वूफर आणि सोबत मुठीएवढ्या छोट्या पेट्या. छोट्या पेट्यांना खालचे स्वर पेलवत नाहीत, आणि सब-वूफरला वरचे शोभत नाहीत. दोहोंच्या मध्ये जी पोकळी राहते, तीत नेमका पुरुषी गायकाच्या आवाजाचा गाभा सापडतो. म्हणून दालनात जाताना आपल्या घरात वर्षानुवर्षे ऐकलेली ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. पंडित भीमसेन जोशी यांच्या संतवाणीतील एखादा अभंग, लताबाईंचे एखादे भक्तिगीत आणि निव्वळ बोलण्यासाठी एखादे कीर्तन, एवढी सामग्री पुरे आहे. भीमसेनजींचा आवाज पोकळ वाटतो काय, लताबाईंचा तार स्वर टोचतो काय, तंबोरा सलग ऐकू येतो की त्याची गुणगुण होते, आणि कीर्तनकारांचा प्रत्येक शब्द डोळे मिटून कळतो काय, हे पाहावे. विक्रेत्याला विनंती करून आवाज बोलण्याइतका हळू करावा, ‘बास’ वाढविणारी कळ बंद ठेवावी आणि निदान दहा मिनिटे ऐकावे. घरातील वडीलधाऱ्यांना सोबत न्यावे, कारण वयोमानाने ज्यांचे कान मंद झाले आहेत त्यांना शब्द कळला, तर तो साऱ्यांना कळेल.

नावावरून ओळख

नामांकित नाव म्हणजे खात्री, हा समज आपल्या शहराने तरी तपासून पाहावा. पैठण रस्त्यावरील चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना येथील कोणास ठाऊक नाही? धूत कुटुंबाने उभारलेल्या या उद्योगाने देशभर दूरदर्शन संच पोहोचविले. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ साली तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. मूळचे जपानी असलेले सान्सुई हे नावही भारतात याच समूहाने विकले होते. जपानमधील मूळ कंपनी १९४४ साली सुरू झाली आणि २०१४ साली दिवाळखोर ठरली. नाव मात्र परवान्यावर फिरत राहते. जेबीएल हे १९४६ पासूनचे अमेरिकी नाव आहे. ते ज्या हरमन कंपनीचे, ती २०१७ पासून कोरियाच्या सॅमसंगच्या मालकीची आहे. यात गैर काही नाही. परंतु वडिलांच्या काळी ज्या नावाचा संच उत्तम निघाला, तो आजही त्याच हातांनी बनविलेला असेल असे नाही. नावापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. हमी किती वर्षांची आहे, दुरुस्ती याच शहरात होते काय, आणि सुटे भाग मिळतात काय?

स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची कड फोमची आहे की रबराची, हेही जाळी निघत असल्यास पाहावे. फोम दहा-पंधरा वर्षांत झिजून भुगा होतो, आणि मराठवाड्याचा उन्हाळा त्याला मुळीच मानवत नाही. रबर अधिक टिकते. ब्लूटूथ स्पीकरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावयास हवा. मात्र ते चिन्ह सुरक्षिततेचे आहे, सुरेलपणाचे नव्हे.

घर, भिंती आणि शेजार

वेरूळच्या दहाव्या, विश्वकर्मा लेण्यात उभे राहून कोणी आलाप घेतला, तर तो कमानदार दगडी छताखाली घुमत राहतो. लेण्यात जे दिव्य वाटते, ते दहा बाय बाराच्या खोलीत मात्र शब्दांचा गोंधळ करते. गारखेड्यातील आपल्या सदनिकांत काँक्रीटच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि काचेच्या खिडक्या असतात. तेव्हा नवा स्पीकर घेऊनही शब्द घुमू लागले, तर दोष यंत्राला देण्यापूर्वी खोलीत सतरंजी अंथरावी, जाड पडदे लावावेत. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो, म्हणून तो भिंतीपासून थोडा पुढे ओढावा. दोन पेट्या असतील तर त्यांच्यातील अंतर आणि श्रोत्यापर्यंतचे अंतर जवळपास सारखे असावे, आणि पेट्या बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असाव्यात. माळ्यावर किंवा कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला उत्तम संचही वाया जातो. या उपायांना पैसा लागत नाही, आणि त्यांनी पडणारा फरक पुष्कळदा अधिक महागडा संच घेतल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो.

शेजारधर्मही येथेच सांगितला पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनिसंचाचा आवाज घराच्या हद्दीवर तीहून ५ डेसिबलांपेक्षा अधिक होता कामा नये. सब-वूफरचा खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो. तेथे कोणी आजारी असेल, कोणाचा दहावीचा अभ्यास चालू असेल. त्यांच्या कपाळाला आठी पाडणारी काकड आरती देवाला कशी रुचावी?

मग घ्यावे की न घ्यावे?

आमचा निर्वाळा असा आहे. मोठ्या दालनातील स्पीकर घेण्यास हरकत नाही, परंतु दालन ज्याची सर्वाधिक भलावण करते तो घेण्याची घाई करू नये. केवळ गाणे ऐकावयाचे असेल, तर अंगभूत अँप्लिफायर असलेल्या दोन मध्यम आकाराच्या पेट्यांची जोडी सब-वूफरच्या संचाहून बहुधा सरस ठरते. दूरदर्शनवर कीर्तन-प्रवचन पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर साउंडबार उपयोगी आहे, कारण आजच्या सपाट संचांत चांगल्या स्पीकरला जागाच उरलेली नाही. घरात केवळ आजी-आजोबांची करमणूक पाहावयाची असेल, तर सारेगामाच्या ‘कारवाँ’सारखे, आधीच गाणी भरलेले उपकरण पुरेसे आहे. २०१७ साली ते प्रथम ५,००० हिंदी गाण्यांसह बाजारात आले, मागून त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्याचे मोल नादापेक्षा सोयीत आहे. आणि ज्या घरी जुना संच अजून स्पष्ट वाजतो, तेथे नवा न घेणे हीच उत्तम खरेदी होय.

मुहूर्त दशमीचा साधावयाचा असला, तरी ऐकून पाहण्याचे काम नवरात्रातच, गर्दी नसताना, एखाद्या साध्या दिवशी दुपारी उरकावे. परत करण्याची मुदत विचारून पावतीवर लिहून घ्यावी आणि ती संपण्यापूर्वी घरी, हळू आवाजात, पहाटे व रात्री ऐकून पाहावे. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्यास शुल्क पडत नाही. त्यासाठी पावती मात्र जपून ठेवली पाहिजे.

सणाचा पैसा कष्टाचा असतो. तो गर्जनेवर न घालवता शब्दावर घालावा. ज्या स्पीकरमधून हळू आवाजातही अभंगाचा प्रत्येक शब्द घरातील सर्वांत वृद्ध माणसापर्यंत पोहोचतो, तोच घरी आणण्याजोगा, मग तो मोठ्या दालनातला असो वा गुलमंडीच्या छोट्या दुकानातला. सर्व वाचकांना विजयादशमीच्या शुभेच्छा.