विश्लेषण : कापूस वाहणाऱ्या पिकअप-ट्रॉलीला हिवाळ्यात कोणते टायर हवेत?

दारव्हा तालुक्यात दिवाळीनंतर पांढऱ्या ढिगांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि पिकअप रस्त्यावर दिसू लागतात. कधीकाळी या भागातला कापूस ‘शकुंतला’च्या अरुंद रुळांवरून जायचा आणि दारव्हा मोतीबाग हे तिचे जंक्शन होते. ती गाडी आता बंद आहे. शेतापासून जिनिंगपर्यंतचा सगळा प्रवास रबरी चाकांवर होतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे त्या भावाने १५ क्विंटलच्या एका खेपेत १,२१,६५० रुपयांचा माल होतो. वाटेत टायर फुटला आणि रात्र दवात गेली, तर कापूस ओलावा धरतो. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत माल घेतात, पण भाव कापून. म्हणून टायरचा विषय थेट पट्टीपर्यंत पोहोचतो.

बर्फ नाही, मग हिवाळ्याचा संबंध काय?

युरोपात थंडीसाठी वेगळ्या मऊ रबराचे टायर मिळतात, कारण साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीचे रबर कडक होते. विदर्भात त्यांची गरज नाही. दुपारच्या उन्हात ते उलट लवकर झिजतील. इथला प्रश्न हवेचा आहे. दुपारी ३० अंशांत ६० पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १० अंशांवर गेला, तर पंक्चर नसतानाही जवळपास ५ पीएसआय हवा कमी दिसते. नेमक्या त्याच वेळी, बाजारात नंबर लागावा म्हणून, भरलेली गाडी निघते. हवा कमी असलेला टायर बाजूने दबतो, प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि आतून तापतो. बाहेर थंडी असली तरी टायर आतून भाजत असतो. हवा मोजायची ती गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडून देणे ही हमखास होणारी चूक.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा बाजूवर ‘११२/११० एल’ असे आहे. ११२ म्हणजे एकेरी चाकाला १,१२० किलो, ११० म्हणजे जोडचाकात प्रत्येकी १,०६० किलो आणि ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे वजन पेलते ते टायरवर सांगितलेली पूर्ण हवा असेल तरच. मागच्या धुरीवर खरे किती वजन येते, हे वजनकाट्यावर फक्त मागची चाके चढवून कळते. पाच मिनिटांचे काम, पण फारसे कोणी करत नाही. उत्पादनाची तारीख शेवटच्या चार आकड्यांत असते. ३८२४ म्हणजे २०२४ चा ३८ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ टायर ओळखायचा तो इथेच.

जास्त प्लायचा टायर घेतला की झाले?

नाही. १६ पीआर म्हणजे आत १६ थर असतातच असे नाही. ती ताकदीची प्रतवारी आहे. असा टायर जास्त हवा सहन करतो, आणि भार पेलते ती हवाच. १६ पीआरमध्ये ८ पीआरएवढीच हवा ठेवली तर वरचे पैसे वाया. शिवाय टायर दणकट घेतल्याने आरसी बुकातली वजनमर्यादा वाढत नाही. जादा मालाला २०१९ पासून २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे.

रेडियल की नायलॉन?

डांबरी रस्त्यावर रोजच्या खेपा असतील तर रेडियल. तो कमी तापतो, डिझेल वाचवतो, जास्त चालतो. मात्र त्याची बाजू नाजूक असते. शेतरस्त्यावरचा दगड किंवा तुराटीचा खुंट तिथे घुसला तर टायर जातो. निम्मा प्रवास पांदणीतून असेल तर नायलॉन अजूनही शहाणपणाचा. काळ्या मातीचे गणित आणखी वेगळे. गहू-हरभऱ्याला पाणी दिलेल्या शेताच्या कडेने गाडी गेली की चिकण माती खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. खाचा रुंद आणि खोल असतील तर चाक फिरताना माती झटकली जाते. बाजूवर ‘एम प्लस एस’ लिहिलेले टायर या बांधणीचे. त्यातला ‘एम’ चिखलाचा. पुढच्या चाकांना मात्र सरळ रेघांचा टायर बरा, स्टिअरिंग हलके आणि ताब्यात राहते.

ट्रॉलीचे काय?

खरा धोका इथे आहे. ट्रॅक्टरला चांगले टायर आणि ट्रॉलीला ट्रकचे उतरवलेले, अशी जोडी सर्रास दिसते. अनेक ट्रॉल्यांना ब्रेकही नसतो. उतारावर सगळा भार ट्रॅक्टरला मागून ढकलतो आणि थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडते. दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त भरला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही गाडी सरकते. कापूस हलका वाटतो, पण ढीग उंच आणि बाजूंनी फुगलेला असतो. वळणावर बाहेरच्या टायरवर एकदम भार येतो. ट्रॉलीसाठी शेतीवाहनांचे, कमी वेग आणि जड वजनाचे टायर वेगळे मिळतात, तेच घ्यावेत. जोडचाकात एक नवा आणि एक झिजलेला टायर लावू नये. मोठा असेल तो दोघांचे ओझे उचलतो आणि आधी फुटतो.

रिमोल्ड चालतील का?

मागे आणि ट्रॉलीला, सांगाडा धड असेल तर, चालतील. पुढच्या चाकाला कधीच नाही. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून जाते. नियमानुसार चारचाकी व जड वाहनांच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांना भिडला की त्याचे आयुष्य संपले. काळ्या मातीच्या वाटेवर मात्र तो त्याच्या बराच आधी बदलावा लागतो, आणि स्टेपनीची हवाही त्याच दिवशी तपासावी. ती बहुतेक गाड्यांत महिनोन्‌महिने कुणी पाहिलेली नसते.