परदेशवास आणि कादंबरी : डॉ. केतकरांचें एक स्मरण

गेल्या पौषांत, म्हशाच्या जत्रेच्या सुमारास, आमच्या मुरबाडच्या घरीं एक पत्र आलें. कॅनडांत अध्यापन करणाऱ्या आमच्या पुतण्यानें आपला विवाह झाल्याचें कळविलें होतें. वधू वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटांत जन्मलेली. तिचे पूर्वज ऊंसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून कलकत्त्याहून गेले होते. अशा मजुरांचें पहिलें जहाज ३० मे १८४५ रोजीं त्या बेटास लागलें. आज तिला मराठीचा गंधहि नाहीं. ओसरीवर अर्थातच चर्चा रंगली. कोणी म्हणाले, "हिंदूच ना?" कोणी विचारलें, "पण जात कोणती?" शहापूरच्या आत्याबाई तेवढ्या गप्प होत्या. अखेर त्या म्हणाल्या, "माळ्यावर ज्ञानकोशाचे खंड पडले आहेत ना? ते करणाऱ्याच्या घरीं काय घडलें, तें आधीं वाचा. मग जात विचारा."

खंड खालीं काढले. आजोबा ज्ञानकोशाचे वर्गणीदार होते. त्यानंतर त्या खंडांचे खरे वाचक म्हणजे कसरच! त्या निमित्तानें डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें चरित्र आणि कादंबऱ्या पुन्हां वाचावयास घेतल्या, त्यांतील कांहीं येथें वाचकांपुढें ठेवितों.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजीं रायपूर येथें झाला. अमरावतीस शालेय शिक्षण आणि मुंबईस विल्सन कॉलेज, असा तेव्हांच्या वऱ्हाडी तरुणाचा सरळ मार्ग त्यांनीं कांहीं काळ आक्रमिला. १९०६ सालीं मात्र ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विश्वविद्यालयांत दाखल झाले. तेथें त्यांनीं अभ्यासास विषय घेतला तो मनुस्मृतीचा! हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्यें इथाका या लहानशा अमेरिकन गांवांत प्रसिद्ध झाला. मनूचे श्लोक आमच्या घरोघर पिढ्यान् पिढ्या पाठ होत होते. परंतु त्यांजकडे हा एका विशिष्ट काळच्या समाजाचा पुरावा आहे, अशा दृष्टीनें पाहण्यास बहुधा घर सोडून इतकें दूर जावें लागतें. १९११ सालीं ते डॉक्टर झाले, मग लंडनला आले. कांहीं काळ कलकत्ता विश्वविद्यालयांत त्यांनीं अध्यापनहि केलें. पण प्राध्यापकाच्या खुर्चींत स्थिरावण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

पुढें ज्ञानकोशाचा संसार. त्यासाठीं त्यांनीं लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदारांसाठीं गांवोगांव फिरले आणि २३ खंड पुरे केले. हा पराक्रम सर्वश्रुत आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाहीं. आत्याबाईंचा रोख निराळ्या गोष्टीकडे होता. लंडनमध्यें केतकरांची एडिथ कोह्न या जर्मन-ज्यू कुळांतील विदुषीशीं ओळख झाली होती. मध्यें महायुद्ध आलें. १९२० सालीं त्या हिंदुस्थानांत आल्या आणि व्रात्यस्तोम विधीनें हिंदु होऊन शीलवतीबाई केतकर झाल्या. व्रात्यस्तोम म्हणजे वैदिक समाजाबाहेरच्यास आंत घेण्याचा प्राचीन विधि. स्मृतींचा अभ्यासक नवऱ्यामुलाच्या भूमिकेंत उभा राहिला, तेव्हां त्यानें शास्त्र झुगारलें नाहीं. शास्त्रांतच दार शोधलें. मला ही गोष्ट त्यांच्या सर्व ग्रंथांहून बोलकी वाटते.

शीलवतीबाई नुसत्या 'डॉक्टरांच्या पत्नी' राहिल्या नाहींत. विंटरनिट्झ या पंडितानें जर्मन भाषेंत लिहिलेल्या भारतीय वाङ्मयेतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यांनींच केलें, व तें कलकत्ता विश्वविद्यालयानें प्रसिद्ध केलें. उत्तरवयांत त्यांनीं मराठींत आत्मवृत्त लिहिलें. त्याचें नांव 'मीच हे सांगितलं पाहिजे'.

आतां कादंबऱ्यांविषयीं. 'गोंडवनांतील प्रियंवदा', 'परागंदा', 'आशावादी', 'गांवसासू', 'ब्राह्मणकन्या', 'विचक्षणा', 'भटक्या' हीं नांवें वाचलीं तरी लेखकाचें मन कोठें गुंतलें आहे तें कळतें. मूळ ठिकाणाहून उखडलेलीं, कोणत्याच चौकटींत न बसणारीं माणसें हाच त्यांचा विषय. कलादृष्टीनें या कादंबऱ्या ओबडधोबड आहेत, हें प्रांजळपणें मान्य करावें. कथानक मध्येंच थांबतें आणि पात्रें व्याख्यानें देऊं लागतात. भाषाहि कित्येकदां रखरखीत. पण 'ब्राह्मणकन्या' (१९३०) हातीं घ्या. कालिंदी डग्गे हिचे वडील सुधारक ब्राह्मण, आजी मात्र एका ब्राह्मणाची रक्षा. मग कालिंदी ब्राह्मण कीं नव्हे? समाज स्पष्ट 'नाहीं' म्हणत नाहीं आणि लग्नाची वेळ आली म्हणजे 'होय'हि म्हणत नाहीं. या अधांतरी स्थितीला कंटाळून ती शिवशरणाप्पा या लिंगायत व्यापाऱ्याजवळ विवाहावांचून राहूं लागते. तिच्या भावाचें मन एका बेनेइस्रायल मुलीवर जडतें. आणि या सर्वांची सोय लावण्यासाठीं वैजनाथशास्त्री चक्क नवी स्मृति रचतात! येथें केतकरांतला व्रात्यस्तोमाचा यजमान स्पष्ट ओळखूं येतो. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीला या कादंबऱ्यांवर 'केतकरी कादंबरी' हें स्वतंत्र पुस्तक लिहावेंसें वाटलें, तें उगीच नव्हे.

'परागंदा' हा शब्द वाचतांना आमचाच तालुका डोळ्यांपुढें येतो. भात झोडून झालें कीं मुरबाड-शहापूरकडचीं कातकरी, ठाकूर कुटुंबें भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, तीं पावसाच्या तोंडीं परततात. त्यांच्या जाण्याला कोणी देशांतर म्हणत नाहीं, कारण तें पायीं आणि टेम्पोनें घडतें. पुतण्याचें देशांतर विमानानें घडलें, म्हणून त्याची ओसरीवर चर्चा.

१९३१ सालीं हैदराबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद केतकरांस मिळालें. १० एप्रिल १९३७ रोजीं पुण्यास ते वारले.

चैत्रांत पुतण्या व नवी सून येणार आहेत. काकांनीं उत्तरांत जातीचा उल्लेख केला नाहीं. मुंबईहून गाडी कोणती धरावी आणि आसनगांवला कोण घ्यावयास येईल, एवढेंच लिहिलें. हें सर्व आईस वाचून दाखविलें, तेव्हां तिनें एकच प्रश्न विचारला, "त्या शीलवतीबाईंना पुरणपोळी येत होती काय रे?" आम्हीं २३ खंड चाळले. 'पुरणपोळी' या प्रश्नीं ज्ञानकोश अगदींच निरुपयोगी आहे.