धान्याच्या पोत्यांऐवजी कांडप यंत्र का घेतले?

गेल्या अंकातील हिशेब वाचून दोन-तीन देणगीदारांनी पत्राने विचारले, "मेळघाटातील मुलांच्या पोटासाठी पाठवलेल्या पैशातून यंत्र कशाला घेतले? तेवढ्यात किती पोती धान्य आले असते!" प्रश्न रास्त आहे. उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण यंत्राचा आग्रह माझा होता आणि त्याआधीची चूकही माझीच होती.

ती चूक आधी सांगतो. चिखलदरा तालुक्यातील एका ढाण्यावर (कोरकू वस्तीला ढाणा म्हणतात) काही वर्षांपूर्वी आम्ही तीसेक घरांना सोयाबीनचे बियाणे वाटले. हाती पैसा आला की धान्य विकत घेता येईल, असा आमचा सरळ हिशेब. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या पावसावर पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली. उगवलेले करपले, दुबार पेरणी करावी लागली. जे हाती लागणार होते ते कापून ढीग घातल्यावर ऑक्टोबरच्या पावसात भिजले, शेंगांतच दाण्यांना कोंब फुटले. दिवाळी सरताच घरामागून घर कुलूप लावून वीटभट्ट्यांवर गेले, मुलांसकट. मूल गावाबाहेर गेले की अंगणवाडीतले वजन, आहार, लसीकरण सारे तुटते. होळीला, म्हणजे कोरकूंच्या सर्वांत मोठ्या सणाला, मंडळी परतली, तेव्हा काही लेकरे मला ओळखू आली नाहीत, इतकी ती वाळली होती. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यू देशभर गाजले, तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. पण त्या वर्षीच्या उपासाला आमचे बियाणेही कारण होते, हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

त्या वर्षी जी मोजकी घरे गावात टिकली, त्यांत एका म्हाताऱ्या मायचे घर होते. तिने टेकाडावरच्या बरड तुकड्यात, अर्धा-पाऊण एकरात, कुटकी पेरली होती.

कुटकी म्हणजे वरीच्या जातीचे अगदी बारीक भरडधान्य. कोदो, सावा यांच्या जोडीने मेळघाटात ती पिढ्यान्‌पिढ्या होती. ती खडकाळ, उथळ जमिनीत येते, खत फारसे मागत नाही. पावसाने खंड दिला तर वाढ थांबवून दम धरते आणि सर आली की पुन्हा हिरवी होते. पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या दोन साध्या गोष्टी. पहिली बियाण्याची. सोयाबीनला एकरी सुमारे ३० किलो बी लागते, कुटकीला तीन-चार किलो पुरते. पेरणी फसली तर एकाचे कर्ज होते, दुसरीचे बी घरच्या मडक्यात असते. शिवाय सोयाबीनच्या दाण्याचे कवच नाजूक. मळणीत मार बसला किंवा ओल लागली की उगवण लगेच घटते. म्हणूनच पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सत्तरच्या खाली कोंब आले तर बी वाढवतात. कुटकी मात्र फोलासकट नीट वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते, आणि खायचे धान्य तेच बियाणे असते.

दुसरी गोष्ट वेळेची. मेळघाटात भुकेचे दिवस श्रावण-भाद्रपदात येतात. जुने धान्य संपलेले, नवे आलेले नाही, नाल्यांना पूर असल्याने मजुरी बंद, त्यात हिवताप आणि हगवण. कुटकी अडीच-तीन महिन्यांत तयार होते, म्हणजे कणगी रिकामी होते तेव्हाच ती घरात येते. ऑक्टोबरच्या पावसाच्या तावडीत सहसा सापडत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस एकंदर कमी होतो असे नाही, तो असा तुकड्यातुकड्यांनी येतो. एकाच पिकावर सगळे शेत लावणाऱ्याला तो हमखास कुठेतरी गाठतो.

मग इतके गुणी पीक गेले कुठे? मी मायलाच विचारले. ती हसली. "भाऊ, कुटकी खायले गोड लागते, पन कांडनार कोन? सोयाबीन इकलं का पैसा हाती. कुटकीनं हात सोलतेत."

एवढ्या एका वाक्याने माझे कित्येक वर्षांचे प्रबोधन निकालात काढले. दाणा मोहरीएवढा, त्यावर घट्ट फोल. उखळात कांडायचे, सुपात पाखडायचे, पुन्हा कांडायचे. आणि हे सारे बाईने, पाणी भरून, लाकडे आणून, निंदण करून आल्यावर. तिकडे रेशनचा तांदूळ कांडावा लागत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाबरोबर भरडधान्याचाही उल्लेख आहे, पण आमच्या ढाण्यावर पोत्यातून उतरतो तो तांदूळ आणि गहूच. त्या रेशनला मी नावे ठेवणार नाही, त्याने अनेक चुली पेटत्या ठेवल्या. एवढेच की कुटकी मागे पडली ती अडाणीपणामुळे नव्हे, बाईच्या हातांवरच्या भारामुळे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांत भरडधान्याची बिस्किटे निघाली; उखळ मात्र तसेच राहिले.

म्हणून यंत्र. तेही सुरळीत झाले असे समजू नका. पहिल्या हंगामात निम्मा दाणा फुटून कणी झाली. बायांनी ती फेकली नाही, पेज करून खाल्ली, पण मला ऐकवायचे ते ऐकवले. चूक दोन ठिकाणी होती: यंत्राची गती धान्याला मानवणारी नव्हती आणि दाण्यात ओल होती. आता कांडण्याआधी दोन दिवस कडक ऊन देतात आणि खडे आधी चाळून काढतात. पांढरीशुभ्र होईपर्यंत कांडायचे नाही, हेही ठरले आहे. वरचा तपकिरी थर गेला की सत्त्वही जाते. कांडलेली कुटकी काही महिन्यांत खवट होते, म्हणून साठा फोलासकट ठेवायचा आणि पंधरा दिवसांपुरतीच कांडून न्यायची. वीज कधी असते, कधी नसते. यंत्राची वेळ त्यामुळे विजेवर ठरते, घड्याळावर नाही.

यंत्राच्या खोलीतच बियाण्याच्या कोठ्या आहेत. पेरणीला बी न्यायचे आणि सुगीनंतर सवाईने परत करायचे, असा नियम मी सुचवला होता. बचतगटातील बायांना तो शब्दच नको होता. सवाई म्हटली की त्यांना सावकार आठवतो. त्यांनी ठरवले, जितके नेले तितके द्यायचे, वर दोन ओंजळी. हिशेब जवळपास तोच झाला, पण परतफेड चुकलेली नाही.

सोयाबीन उपटून टाका, असे आम्ही कुणालाही सांगत नाही. शाळेचे कपडे, दवाखाना, मोबाइल यांना पैसा लागतोच. खोलगट, भारी जमिनीत सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी आणि वरच्या बरडावर कुटकी, एवढाच आग्रह असतो. रानडुकरांचा त्रास दोन्हीकडे आहे आणि त्यावर आमच्याकडे रात्रीच्या जागलीपलीकडे उपाय नाही.

बियाण्याइतकाच प्रश्न मातीचा आहे. पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या चिखलदऱ्याच्या गावांत उन्हाळ्यात टँकर लागतो, कारण उतारावरचे पाणी थांबत नाही आणि जाताना माती घेऊन जाते. अचलपूर तालुक्यातील पायविहीरचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. त्या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर रोजगार हमीतून झाडे लागली, मजुरीसाठी होणारे स्थलांतर घटले, सीताफळांचे उत्पन्न सुरू झाले आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डोंगर आपला आहे हे कागदावर आल्यावरच लोकांनी तो राखला, हे मला त्यातले मुख्य वाटते.

मात्र हीच कृती डोंगराखाली जशीच्या तशी चालत नाही. व्याघ्र प्रकल्पातील काही गावे अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागात वसवली गेली. अशा एका कुटुंबाने सोबत नेलेली कुटकी भारी काळ्या जमिनीत पेरली. पाणी साचून ती पिवळी पडली. त्या तालुक्यांचा काही भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो, तिथे विहिरीचे पाणीच खारट, ते पिकाला देता येत नाही. तिथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरायचे, ज्वारी-तूर लावायची आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा घ्यायचा, हा वऱ्हाडाचा जुना मार्गच कामाचा. राज्य शासनाचा २०१८ पासूनचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प या पट्ट्यातील गावांतही पोहोचला आहे. आमच्या ओळखीच्या कुटुंबांचे शेततळ्याचे अर्ज भरून देणे, एवढेच आम्ही तिथे करतो.

पोती आम्ही बंद केलेली नाहीत. श्रावणात ज्या घरी खरोखर काही नसते, तिथे ती आजही जातात. पण यंदा बी नेणाऱ्यांच्या वहीत त्या सोयाबीनवाल्या तीस घरांपैकी एकोणीस नावे आहेत. मायने बी नेले नाही, तिच्याकडे स्वतःचे आहे. ती कांडायला मात्र येते, आणि दर वेळी दाणे तळहातावर घेऊन, कणी किती पडली ते मला मोजून दाखवते.